जावळाचं घोंगडं

"हे तुमच्याच हातचं ना?" विजयाताईंनी विचारलं.

भैरूतात्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. त्यांनी आडव्या सुताचा धोटा बाजूला ठेवला, धोतराला हात पुसले आणि विजयाताईंनी पुढं केलेलं घोंगडं मांडीवर घेतलं. भोवती आठ-दहा पाहुणे द्रोणातला हुरडा खात उभे होते. मी त्यांच्या मागं होते, छपराच्या खांबाला टेकून.

"माझी आई जतकडची," विजयाताई सांगत होत्या. "ब्याण्णव वर्षांची आहे. डोळे गेलेत, तीन वर्षं अंथरुणावरच आहे. कापसाची गादी केली, हवेची गादी आणली. तिचं एकच, मला घोंगड्यावर निजवा. बाजारात मिळतं हो, पण खरं कुठलं नि खोटं कुठलं हे मला काय कळतंय? इथं तुम्ही समोर बसलेले दिसलात. म्हटलं, विणणाऱ्यालाच विचारावं."

तात्यांनी काठावरून अंगठा फिरवला. घोंगडं उलटं करून पुन्हा एकदा फिरवला. मग मान वर केली, ती विजयाताईंकडे बघायला नाही. त्यांनी सगळ्या पाहुण्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे पाहिलं.

मी काय केलं ते मला अजून आठवतं. मी काहीच केलं नाही. नजर हलवली नाही, मान हलवली नाही.

"व्हय बाई," तात्या म्हणाले. "माझ्याच हातचं."

विजयाताईंनी वाकून त्यांना नमस्कार केला. पाहुण्यांपैकी कुणीतरी फोटो काढला.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि सातारा जिल्ह्यात, करंजवडीच्या माळाखालच्या एका शेतावरच्या रिसॉर्टवर पाहुण्यांची व्यवस्था बघत होते. जयवंतदादांनी आपल्या बागायतीत सोळा खोल्या बांधल्या होत्या. मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली अंगणं, चुलीवरचं जेवण. शहरातली माणसं दोन दिवस येत, विहिरीत डुंबत, गायीचं दूध काढायचा प्रयत्न करत आणि जाताना म्हणत, खरं आयुष्य इथं आहे.

जेवणघराच्या एका भिंतीवर मी फोटो लावले होते. वर मोठ्या अक्षरांत 'आमची माणसं'. खाली भात पिकवणारे, हळद पिकवणारे, गूळ करणारे, मडकी घडवणारा कुंभार, वांगी लावणारी रंगूमावशी. प्रत्येकाच्या फोटोखाली दोन ओळी. त्या ओळी मी लिहिल्या होत्या आणि चांगल्या लिहिल्या होत्या. पाहुणे जेवणाआधी त्या मोठ्यानं वाचत.

रंगूमावशी एकदा आपल्याच फोटोसमोर उभी राहून हसली होती. "माझी वांगी तर कवाच सपली. तुझं पावणं अजून माझीच खात्यात व्हय?"

"तुमच्या नावानं खातात, मावशी," मी म्हटलं होतं, आणि आम्ही दोघी हसलो होतो. वांगी साताऱ्याच्या बाजारातून येत होती. त्यात कुणाचं काय बिघडतंय, असं मला वाटायचं.

तात्यांचं तसंच झालं. ते गावातले शेवटचे सनगर. घोंगडी विणणं हा घराण्याचा धंदा, आणि साठीच्या पुढंही त्यांचा हात थांबला नव्हता. दादांनी रिसॉर्टवर छप्पर घालून त्यांच्यासाठी खड्डा खणला आणि माग बसवला. सकाळी दहा ते एक ते तिथं विणायचे, पाहुणे बघायचे. त्यांनी आणलेली पहिली सहा घोंगडी रिसॉर्टच्या दुकानात दिवाळीतच विकली गेली. एक घोंगडं व्हायला पंधरा-वीस दिवस लागत. मागणी तर रोजची.

दादांनी एका व्यापाऱ्याकडून कारखान्याची मागवली. काळी, काठाला पांढरी रेघ, दिसायला हुबेहूब. "ह्यांना चिठ्ठी काय लावायची?" त्यांनी विचारलं.

"तीच लावू," मी म्हटलं.

चिठ्ठीवर तात्यांचा फोटो होता, धोटा हातात धरलेला. खाली 'करंजवडीच्या मागावर भैरूतात्यांनी विणलेलं'. तात्यांना वाचता येत नव्हतं, आणि दुकानाच्या कोपऱ्यात ते कधी फिरकत नव्हते. दादांनी विचारलं होतं, उत्तर मी दिलं होतं. त्यांनी मला तसं करायला लावलं असं मी पुढं बऱ्याच जणांना सांगितलं. ते खरं नाही.

त्या दिवशी एक वाजता पाहुणे जेवायला गेले. मी छपरात परत आले तेव्हा तात्या माग झाकून ठेवत होते.

"तात्या," मी म्हटलं.

"कारखान्याचं हाय न्हवं?"

"हो."

"त्यात लोकर न्हाई. जरा आसंल, वासापुरती." ते खड्ड्यातून वर आले. "त्या चिठ्ठीवर माझा फोटू हाय. काय लिवलंय?"

मी सांगितलं.

"कुणी लिवलं?"

"मी."

ते पायरीवर बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. पिशवीतून पानाची चंची काढून त्यांनी निवांत पान जमवलं.

"मग खोटं का बोललात तुम्ही?" मीच विचारलं. आवाज चढला माझा, जणू चूक त्यांची होती. "सांगायचं होतं तिथंच, माझं नाही म्हणून."

"आगं, चारचौघांत उभी व्हतीस तू. तुझं त्वांड आसं झालं व्हतं, जशी माझी नातच. तुझ्या पोटाची भाकरी हाय हितं. माझ्यानं न्हाई बोलवलं." त्यांनी पान तोंडात घातलं. "पर एक सांगतो पोरी, आजवर माझं नसलेलं घोंगडं मी माझं म्हणलं न्हाई. त्या म्हातारीला डोळं न्हाईत. ती हातानं बगणार. आता मला ते घोंगडं विणाय लागंल."

"कुठलं?"

"जे माझं म्हणलंय ते. माझं म्हणलं म्हंजे माझं आसाय पायजे. बाईचा पत्ता आसंल न्हवं तुझ्याकडं?"

पत्ता होता. पाहुण्यांच्या वहीत होता, निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या विजयाताईंच्या वळणदार अक्षरात: विजया खोत, मिरज.

महिनाभर ते घोंगडं त्यांच्या घरी चाललं. रिसॉर्टवरच्या मागावर त्यांनी ते लावलं नाही. "त्ये तमाशाचं हाय," म्हणाले, "ह्ये घरचं." मी दोनदा बघायला गेले. पहिल्या वेळी त्यांची बायको हौसाकाकू ओट्यावर बसून सूत काढत होत्या. काळीभोर, मऊ लोकर. कोकराची पहिल्यांदा कातरलेली, तिला जावळ म्हणतात. तात्यांनी ती माळावरच्या धनगरांच्या वाड्यावर तीन खेपा घालून मिळवली होती.

"म्हातारीला टोचाय नगं म्हणून जावळ पायजे म्हणं," हौसाकाकू म्हणाल्या. "माझ्यासाठी कवा विणलं न्हाई जावळाचं." पण त्या हसत होत्या.

दुसऱ्या वेळी गल्लीत उभ्या सुताचा ताणा लांबवर ताणून बांधला होता आणि तात्या त्याच्यावर चिंचोक्याची खळ कुंच्यानं चढवत होते. सूत ताठ व्हावं म्हणून. उन्हात आंबूस वास भरला होता. मला बघून ते थांबले नाहीत, खळ वाळते म्हणाले. मी ताण्याच्या कडेला उभी राहिले, आणि मला तेव्हा खरंच वाटलं की सगळं आपोआप नीट होतंय. मी काही न करता.

फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांनी घोंगडं आणून माझ्या टेबलावर ठेवलं. चार पदरी घडी, सुतळीनं बांधलेली.

"धाड आता," म्हणाले. "आणि त्या बाईला लिही, आदलं ते माझं न्हवं, ह्ये माझं. माफी मागितलीय म्हणून लिही."

"लिहिते," मी म्हटलं.

मी पाकीट घेतलं. कागद घेतला. 'आदरणीय विजयाताई' असं लिहिलं आणि थांबले. ते घोंगडं पाठवायचं तर आधीचं खोटं होतं हे सांगावं लागणार होतं. ते सांगितलं की त्या विचारणार, आणि दुकानातली बाकीची? विजयाताई गप्प बसणाऱ्यांतल्या दिसत नव्हत्या. मी बाहेर कबुली दिली, हे दादांना कळणार. भिंतीवरच्या त्या ओळी मी कशा लिहिल्या, तेही कळणार. उद्या लिहू म्हणून मी घोंगडं ऑफिसच्या कपाटात, जुन्या उशांच्या अभ्र्यांखाली ठेवलं.

आठ दिवसांनी तात्यांनी विचारलं, "पावलं का गं?"

"पावलं," मी म्हटलं.

"काय म्हणल्या?"

"आवडलं म्हणाल्या."

दुपारी घरी जाताना दारातल्या माळ्याला थांबवून त्यांनी काहीतरी सांगितलं आणि दोघं हसले. मी खिडकीतून पाहत होते. पाच आठवडे ते घोंगडं कपाटात होतं. कपाट उघडलं की मेंढराचा आणि खळीचा वास यायचा. मी कपाट उघडणं सोडून दिलं. रजिस्टरं टेबलावर ठेवायला लागले.

मार्चच्या शेवटी विजयाताईंचं पत्र आलं. रिसॉर्टच्या पत्त्यावर, माझ्या नावानं.

त्यांनी आधी मुक्कामाबद्दल आभार मानले होते, हुरड्याची आठवण काढली होती. मग लिहिलं होतं:

'वृषाली, घोंगडं सुंदर आहे, पण आईची गंमत सांगते, गंमत म्हणवत नाही खरं तर. तिला त्याच्यावर निजवलं त्याच दिवशी तिनं हात फिरवला आणि म्हणाली, विजे, तुला फसवलं, हे घोंगडं नव्हे. मी म्हटलं, आक्का, विणणाऱ्यानं माझ्यासमोर हात लावून सांगितलंय. तरी तेच. दिवसातून चार-चारदा. डोळे गेले तेव्हा आम्हाला वाटलं होतं, निदान हात शाबूत आहेत. हातानं ती माणसं ओळखायची, पातळं ओळखायची. आता तेही गेलं असं दिसतं. डॉक्टर म्हणाले, या वयात असं होतं. मागच्या आठवड्यात मी तिच्यावर ओरडले. तेव्हापासून ती घोंगड्याबद्दल काही बोलत नाही. कशालाच हात लावून बघत नाही. हे तुला का लिहिते आहे कुणास ठाऊक. भैरूतात्यांना माझा नमस्कार सांग.'

ते पत्र मी उभ्यानं वाचलं आणि मग खाली बसले. इतके दिवस मला भीती होती ती माझ्या नोकरीची, माझ्या नावाची. मिरजेच्या एका खोलीत एक म्हातारी खरं सांगत होती आणि तिची मुलगी तिला गप्प करत होती, हे माझ्या कधी ध्यानीमनीही आलं नव्हतं. घोंगडं आवडलं नाही तर बाजूला ठेवतील, एवढंच मी धरलं होतं.

रविवारी मी रजा घेतली आणि घोंगडं घेऊन मिरजेची एसटी पकडली. कुणाला सांगितलं नाही.

विजयाताईंचं घर स्टेशनच्या बाजूला, एका मजल्याचं. त्यांनी दार उघडलं आणि मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. चहा आला. मी चहाला हात लावायच्या आधी बोलायला सुरुवात केली.

"ताई, आमच्या दुकानात एक घोटाळा झाला होता. तुम्हाला दिलेलं घोंगडं तात्यांचं नव्हतं. कारखान्याचं होतं. हे तात्यांचं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सुतळी सोडली, घोंगडं उचललं आणि आतल्या खोलीत गेल्या. मी मागोमाग गेले.

आक्का कुशीवर निजल्या होत्या. चिमणीएवढं शरीर. विजयाताईंनी त्यांचा हात उचलून घोंगड्यावर ठेवला. तो हात आधी नुसता पडून राहिला. मग बोटं हलली. काठापर्यंत गेली, काठावरून परत आली, लोकर चिमटीत धरली.

"हे," आक्का म्हणाल्या. "जावळाचं हाय." आणि थोड्या वेळानं, "कुणी आणलं गं?"

विजयाताई खाटेच्या कडेला बसल्या. "आक्का, माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तू बरोबर सांगत होतीस. मीच ऐकलं नाही तुझं."

"काय सांगत होते मी?"

"पहिलं घोंगडं खोटं आहे म्हणून."

"कवा?"

त्यांना आठवत नव्हतं. ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या हातून झालेलं एवढं सगळं, आणि ज्यांचं झालं त्यांना ते आठवतच नव्हतं. त्या सुटकेची लाज मला पुढं कितीतरी वर्षं वाटत राहिली. पण त्या दिवशी त्याहून वाईट अजून व्हायचं होतं.

बाहेरच्या खोलीत आल्यावर विजयाताईंनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात विचारलं, "दुकानात घोटाळा झाला हे समजलं. पण त्या गृहस्थांनी हातात घेऊन बघितलं होतं. दोन्ही बाजूंनी बघितलं होतं. मला म्हणाले, माझ्याच हातचं. ते कसं?"

इथं मला खरं सांगता आलं असतं. एवढ्या लांब मी त्याचसाठी आले होते. चिठ्ठी मी लिहिली, तात्यांनी मला वाचवलं, एवढं दोनच वाक्यांत सांगून झालं असतं. विजयाताई वाट बघत होत्या.

"ताई, त्यांचं वय झालंय," मी म्हटलं. "बोटं बधिर झालीत त्यांची. त्यांना कळलं नसेल."

किती सहज आलं ते तोंडात. विजयाताईंचा चेहरा एकदम मऊ झाला.

"अरेरे," त्या म्हणाल्या. "विणणाऱ्याची बोटं!"

मी मान खाली घातली. त्यांना वाटलं असेल, मला वाईट वाटतंय. त्यांनी मला जेवायला घातलं, निघताना आक्कांच्या पाया पडायला लावलं आणि हातात द्राक्षांची पिशवी दिली.

पाडवा झाला. त्यानंतरच्या आठवड्यात एका दुपारी तात्या ऑफिसात आले. ऑफिसात ते कधी येत नसत. त्यांच्या हातात एक उघडलेलं पाकीट होतं. अक्षर मी लांबूनच ओळखलं.

"ह्ये घरी आलंय," ते म्हणाले. "नातीनं वाचून दाखीवलं. पर तिला नीट वाचाय आलं नसंल. तू वाच."

मी वाचलं. मोठ्यानं वाचावं लागलं, कारण ते समोर उभे होते.

'आदरणीय भैरूतात्या, तुमच्या घोंगड्यावर आई आता सुखानं निजते. रात्रीतून उठवत नाही. पहिल्या वेळी जे झालं ते मनाला लावून घेऊ नका. वृषालीनं मला तुमच्या बोटांबद्दल सांगितलं. माझा भाचा डॉक्टर आहे. तो म्हणतो, बोटं बधिर होण्याचं कारण पुष्कळदा रक्तातली साखर असते आणि वेळेवर उपाय केला तर फरक पडतो. एकदा मिरजेला या. आमच्याकडेच उतरा. ज्या हातांनी हे विणलं त्या हातांची काळजी घ्यायला हवी.'

मी कागद खाली ठेवला.

"म्हंजे पोरीनं बरोबरच वाचलं व्हतं," तात्या म्हणाले. त्यांनी दोन्ही पंजे टेबलावर उपडे ठेवले आणि त्यांच्याकडे बघितलं, जणू आपलेच आहेत का याची खात्री करत होते. "माझी बोटं कवा मेली गं?"

त्यांना बसा म्हणायचंही मला सुचलं नाही. मी सगळं सांगितलं. कपाट सांगितलं, पाच आठवडे सांगितले, विजयाताईंचं पहिलं पत्र वाचून दाखवलं, मिरजेत काय म्हटलं ते शब्दाला शब्द सांगितलं. सांगताना मी रडत होते. तात्या रडण्याकडे बघत नव्हते.

"मी इचारलं, पावलं का. तवा?"

"कपाटात होतं."

"आवडलं म्हणल्या, म्हणलीस."

"हो."

"मी गावभर सांगितलं," ते हळूच म्हणाले. बाहेर कुणीतरी पाहुण्यांना गूळ कसा करतात ते समजावून सांगत होतं.

"लिही," शेवटी ते म्हणाले.

"काय लिहू?"

"त्या बाईला लिही. माझी बोटं जागी हाईत म्हणून लिही."

मी कागद घेतला. ते खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले. मी लिहिलं आणि वाचून दाखवलं. तात्यांच्या बोटांना काही झालेलं नाही, ते मी खोटं सांगितलं. दुकानात घोटाळा झाला नव्हता, कारखान्याच्या घोंगड्यांना तात्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या मीच लावल्या. आणि त्या दिवशी तात्या तुमच्याशी खोटं बोलले ते माझ्या सांगण्यावरून.

"थांब," तात्या म्हणाले. "तू कवा सांगितलंवतंस?"

"तात्या, दोष माझाच आहे."

"दोषाचं न्हाई इचारत. तू मला सांगितलंवतंस का, आसं बोल म्हणून?"

"नाही."

"मग खोड ते. मी माझ्या मनानं बोललो. हात लावल्या लावल्या मला कळलं व्हतं, तरी बोललो. तसं लिही."

"त्या तुम्हाला खोटारडे समजतील."

"समजू दे. खोटं बोललोय मी, ते माझ्या अंगावर हाय. पर माझी बोटं मेली न्हाईत."

मी खोडलं. कागदावर खाडाखोड दिसायला लागली तेव्हा त्यांनी नवा कागद घ्यायला सांगितला. दुसऱ्या वेळी मी लिहिलं की तात्यांनी मोठ्या मनानं मला वाचवलं. तेही त्यांनी काढायला लावलं. "मन बिन काय लिवू नगं. मला कळलं व्हतं आणि मी खोटं बोललो, यवढंच लिही." तिसऱ्या कागदावर तसंच लिहिलं. खाली मी सही केली. माझ्या सहीच्या बाजूला त्यांनी अंगठा उठवला. शाई सुकेपर्यंत ते कागदावर फुंकर घालत राहिले.

मी पत्र पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, तिकीट लावलं.

"आजच टाकते," मी म्हटलं. "चार वाजता गाडी गावात जाते."

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या मापाकडे बघावं, पुरेल की नाही, तसं बघितलं. मग त्यांनी हात पुढं करून माझ्या हातातून पाकीट घेतलं.

"नगं," ते म्हणाले. "मीच टाकतो."

पाकीट बंडीच्या आतल्या खिशात ठेवून ते भर उन्हात चालत गेले. टपालाची पेटी गावात होती, दीड मैलावर.

त्यानंतर ते रिसॉर्टच्या मागावर बसायला आले नाहीत. दादांनी दोनदा माणूस पाठवला, मग नाद सोडला. खड्डा बुजवून तिथं पाहुण्यांच्या मुलांसाठी झोपाळा लावला. चिठ्ठ्यांवरून काय काय घडलं ते मी दादांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं, मग नुसतं 'हातमागाचं' लिहू, नाव नको." वैशाखात मी नोकरी सोडली. सोडण्याआधी एकदा तात्यांच्या घरी गेले होते. दार बंद होतं आणि आत माग चालल्याचा आवाज येत होता. मी कडी वाजवली नाही.

विजयाताईंचं उत्तर आलं होतं, असं रंगूमावशीकडून कळलं. ते तात्यांच्या नावावर आलं होतं. त्यात काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.